हिंमत नंबर बारा

"ते ताई माणूस नाही ना बे. मशीन आहे. पाह्य ना, इकडे लिवलं का तिकडे उत्तर येते."

"मंग रात्री बंद करत असन काय तिले?"

"बंद कायले करते. चार्जिंगले लावत असन."

कोणाचा तरी माइक बंद करायचा राहिला होता. स्क्रीनवर नाव होतं 'पप्पाचा फोन', आणि त्या एका फोनसमोर दोन मित्र खेटून बसतात हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. सर फळ्यावर समीकरण लिहीत होते. त्यांची पाठ हलली, म्हणजे ते हसत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर, कूलरच्या बाजूला, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ज्या ताईबद्दल बोलणं चाललं होतं ती मीच. मी त्या दोघांचा माइक बंद केला, कारण ते माझंच काम होतं, आणि खाली लिहिलं, 'समीकरण वहीत एकदा स्वतः लिहून बघा. जमेल तुम्हाला.'

लगेच 'पप्पाचा फोन'कडून अंगठा आला. त्यांचा अंदाज खरा ठरला होता. उत्तर खरंच सेकंदात गेलं होतं.

सर माइकवर हात ठेवून माझ्याकडे वळले. "राहू दे वं," ते म्हणाले. "मशीन समजतेत तर बरं आहे. मशीनशी कोणी भांडत नाही."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तेव्हाही तयार होते.

आज पुन्हा नवतपा लागला आहे. मेअखेरचे हे नऊ दिवस नागपुरात दुपार कशी होते ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. बारा वाजले की धरमपेठेतला आमचा रस्ता कोणीतरी झाडून नेल्यासारखा रिकामा होतो. सिग्नलवर हिरव्या जाळीच्या सावल्या टांगतात आणि त्यांच्याखाली तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या बायका लाल दिवा सुटायची वाट बघत एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. गॅलरीत कूलर घरघरतो. त्याची वाळ्याची ताटी नवी असली की पहिले दोन दिवस घरभर ओल्या मातीच्या मडक्यासारखा वास असतो, मग तो वास येईनासा होतो, म्हणजे असतो, पण आपल्याला कळत नाही. मला गेल्या वर्षीचा नवतपा या वासाने आठवतो. शहराच्या टोकाला, वाडी नावाच्या भागातली ती दुसऱ्या मजल्यावरची खोली, खाली ट्रान्सपोर्टचं गोदाम, मागे घेणाऱ्या ट्रकची पीं पीं, आणि चार ते सहा ऑनलाइन भरणारा वर्ग.

तो वर्ग दहावीच्या गणितात नापास झालेल्यांचा होता. निकाल लागून आठवडा झाला होता आणि पुरवणी परीक्षेला महिना उरला होता. त्रेचाळीस नावं यादीत होती. चेहरा एकाचाही नव्हता. कॅमेरा सुरू करा म्हटलं की अर्धी मुलं निघूनच जायची, म्हणून सरांनी तो आग्रह सोडला. नापास झालेल्या मुलाला आपलं तोंड दाखवायचं नसतं, हे समजायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. काळ्या चौकोनांवर नावं असायची. नावंही त्यांची नसायची. 'पप्पाचा फोन', 'सलूनवाला दादा', 'किसनमामा', एक तर नुसतं 'नवीन'.

सर शिकवायचे सुरेख. पण समोर कोणी नसताना शिकवणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट पाहणं. पहिल्या तीन दिवसांत त्रेचाळीसचे तेवीस झाले. चौथ्या दिवशी सरांनी एक फाइल बनवली आणि तिला नाव दिलं 'हिंमत'. त्यात चाळीस वाक्यं होती. प्रत्येकाला नंबर. कोणी गप्प झालं, कोणाचं उत्तर चुकलं, कोणी दोन दिवस आलं नाही की त्यातलं एक वाक्य मी 'ताई' या नावाने पाठवायचं. सर शिकवता शिकवता माइकवर हात ठेवायचे आणि कुजबुजायचे, "किसनमामाले सात टाक." किंवा, "सलूनवाल्याले एकोणीस. झोपला वाटते तो." बारा नंबर सरांचा लाडका होता. 'चूक झाली म्हणजे प्रयत्न झाला. पुन्हा एकदा करून बघ.'

आणि खरं सांगते, त्याचा उपयोग होत होता. तेवीसचे तीस झाले. मुलं ताईला उत्तर देऊ लागली. फळ्यावरची शंका सरांना विचारायला लाज वाटायची, ती मला एकट्याने लिहून विचारायची. वर्गाचं दार मीच उघडायचे, उशिरा येणाऱ्याला मीच आत घ्यायचे, आणि महिनाभर मी एक शब्दही बोलले नाही. माझ्यासाठी याहून चांगली नोकरी देवानेही काढली नसती.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत मराठी बोललं की वहीत नाव लिहायचे, आणि घरी इंग्रजी बोललं की आत्या म्हणायची, "आली वं कॉन्व्हेंटवाली." यवतमाळला एका लग्नात, मी आठ-नऊ वर्षांची असताना, मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "मला भूक आहे." भूक लागली म्हणतात हे मला माहीत नव्हतं. सगळा मांडव हसला. कोणी वाईट मनाने हसलं नाही, उलट मला जास्तीची जिलेबी मिळाली. पण त्या दिवसानंतर मी मराठी वाचायला लागले आणि बोलायची थांबले. आईने माळ्यावर ठेवलेले दिवाळी अंक मी एकेक करून संपवले. माझं मराठी असं डोळ्यांनी आलं. जिभेवर ते कधी उतरलंच नाही. बर्डीवर खरेदीला गेले की मी हिंदी बोलते. हिंदी नागपुरात सगळ्यांचीच उसनी असल्यासारखी, तिच्यात चुकलं तर कोणी वळून बघत नाही.

म्हणून मुलांचा समज झाला त्याचं मला नवल वाटलं नाही. इतकं नीटनेटकं, कडक इस्त्रीचं कोण लिहितं? शिवाय तीच तीच चाळीस वाक्यं. शिवाय ताई कधी हसत नाही, रागवत नाही, कधी म्हणत नाही की आज फार गरम होतंय. मी तो समज खोडला नाही. आत कुठेतरी मला तो आवडलाही होता. मशीनला कोणी विचारत नाही की तू गप्प काहून.

चेहरे नव्हते, पण आवाज होते. सर कोणाला उत्तर विचारत आणि त्या मुलाचा माइक उघडे, तेव्हा आधी त्याच्या घरचा कूलर ऐकू यायचा. मला कूलर ओळखता येऊ लागले. 'किसनमामा'च्या कूलरचा पंखा कशाला तरी घासायचा, टर्र टर्र. 'नवीन'च्या कूलरमध्ये पाणी टपटपायचं. 'पप्पाचा फोन'च्या घरी कूलर इतका मोठा होता की मुलगा ओरडून उत्तर सांगायचा आणि ते चुकीचं असायचं. मी संध्याकाळी मेट्रोने घरी परत येताना हे आवाज मनात मोजायचे. मैत्रिणी पुण्या-बंगळूरला गेलेल्या. घरी आई-बाबा बातम्या लावून जेवायचे. माझ्या ओळखीची तीस माणसं होती आणि त्यातल्या एकालाही मी आहे हे ठाऊक नव्हतं.

एका नावामागे कूलर नव्हता. तिथे पारवे घुमायचे. नाव खरं होतं, मोनाली. भिवापूरकडच्या एका गावातली. उत्तर द्यायची तेव्हा आवाज इतका बारीक की पारवेच जास्त ऐकू यायचे. तिनेच एकदा मला एकटीला लिहिलं होतं की ती गावातल्या विहाराच्या ओसरीत बसते, तिथे पंखा आहे आणि रेंज येते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्ग चालू असताना, तिचा मेसेज आला. तो मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला.

'ताई एक सांगू का. तुम्ही मशीन आहे म्हणून सांगून राहिली. तुम्ही कोणाले सांगणार नाही. मी घरी पास झाली म्हणून सांगितलं. माझी आई सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवतेत तिथं, देठ खुडाले जाते. तिने तिथच्या साऱ्या बायांले बुंदी वाटली. मी रोज इकडे येतो ते अकरावीचा क्लास म्हणून. आता मले कायच समजत नाही. परीक्षेले जाऊ तर आईले समजते. नाही जाऊ तर कधी ना कधी समजतेच.'

मी काय करायला हवं होतं ते आज मला माहीत आहे. त्या वेळी फक्त एवढं कळलं की माझे कान गरम झाले आहेत. समोर सर त्रिकोणमिती शिकवत होते. माझ्याकडे स्वतःचं एकही वाक्य नव्हतं. लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तिकडे ती वाट बघत होती, आणि मशीन कधी इतका वेळ लावत नाही. त्या घाईत मी तेच केलं जे तोवर हाताला सवयीचं झालं होतं. मी बारा नंबर टाकला.

'चूक झाली म्हणजे प्रयत्न झाला. पुन्हा एकदा करून बघ.'

तिकडून होकार आला, 'हाव.'

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सर माइकवर हात ठेवून म्हणाले, "मोनालीले पाच टाक." पाच नंबर म्हणजे 'आज तुझी जागा रिकामी वाटली.' मी टाकला. वाक्य खरं होतं, पहिल्यांदाच. पण फाइलमधलं खरं वाक्य आणि फाइलमधलं खोटं वाक्य सारखंच दिसतं. तिने ते उघडूनही बघितलं नाही.

त्या आठवड्यात मी फार वाईट वागले, म्हणजे काहीच वागले नाही. यादीत तिचा नंबर होता. मी तो तीनदा फोनमध्ये टाकला आणि तीनदा पुसला. फोन करायचा तर बोलावं लागणार. बोलले तर ताई मशीन नाही हे तिला कळणार, आणि मशीन म्हणून तिने जे सांगितलं ते एका माणसाने ऐकलं हेही कळणार. मी स्वतःला पटवत राहिले की तिच्या भल्यासाठीच गप्प आहे. शांत माणसांना हे चांगलं जमतं. आपल्या भित्रेपणाला आपण दुसऱ्याची काळजी असं नाव देतो आणि निवांत बसतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी शेवटचा वर्ग होता. पाऊस लांबलेला, नवतपा संपून तीन आठवडे होऊनही तेच ऊन. सरांनी शिकवलं काहीच नाही. प्रत्येकाचा माइक उघडून विचारलं, "हॉल तिकीट ठेवलं काय? दोन पेन ठेव गा. पाण्याची बॉटल ठेव." कूलर एकेक करून येऊन गेले. 'पप्पाचा फोन' ओरडला, "सर, ताईले पण ऑल द बेस्ट सांगा."

"तिची काय परीक्षा आहे बे?" सर म्हणाले.

"अजी सर, तिलेच तर साऱ्या पोट्ट्यांचं सहन करा लागते."

सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता. तेव्हाच स्क्रीनच्या कोपऱ्यात नाव उगवलं. मोनाली. मी तिला आत घेतलं. तिने माइक उघडला नाही. मला एकटीला लिहिलं, 'ताई मी उद्या जात नाही. सेंटर उमरेडले आहे. आईले काय सांगून निघू. तुम्हाले बाय म्हणाले आली. तुम्ही लय उत्तरं दिले मले.' आणि निघून गेली.

यंदा सरांनी खरंच मशीन घेतलं. मार्चमध्येच त्यांचा फोन आला होता. बराच वेळ ते संत्र्याच्या भावाबद्दल बोलले, मग म्हणाले, "वाईट नको मानू वं. पोरं वाढले, आता कॉम्प्युटरच उत्तर देते. आपल्या हिंमतच्या फाइलीवरच शिकवलं त्याले." मी म्हणाले, "हो सर, छान." काल मी त्या वर्गाची लिंक उघडून मागे बसले, दुसऱ्या नावाने, नुसती बघायला. नवी नावं होती, तसेच काळे चौकोन. कोणा एकाचं उत्तर चुकलं. 'ताई'ने सेकंदाच्या आत लिहिलं, 'चूक झाली म्हणजे प्रयत्न झाला.' त्या मुलाने अंगठा पाठवला.

मला वाईट वाटलं का, ते अजून कळत नाही. ताई माझ्यासारखीच बोलत होती. माझ्यापेक्षा चुकत कमी असेल. फक्त मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली तेव्हा घरात कूलरशिवाय कसलाच आवाज नव्हता, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी कोणाशी एक वाक्यही बोललेले नाही.

गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी उमरेडला काय झालं ते थोडक्यात सांगते. सकाळी बसमधून दोघी उतरल्या. पुढे आई, मागे मोनाली, मान खाली. आईचा चेहरा रात्रभर रडलेल्या किंवा रात्रभर बोललेल्या माणसासारखा होता. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तूच काय वं ते मशीन? लहानशी तर आहेस." मग मोनाली आत गेली आणि आम्ही दोघी शाळेच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली पेपर सुटेपर्यंत बसलो. मिरच्यांनी तिच्या बोटांची टोकं काळपट लाल झाली होती. ती डोळे पुसायची ते मनगटाने, बोटं लावायची नाही. एकदा म्हणाली, "बुंदीचं काही नाही. बुंदी तर पुन्हा वाटता येते. पोरगी मले सांगाले भ्याली, हे लागलं." मोनाली त्या वेळी सुटली, काठावर. भिवापूरला तिची अकरावी झाली. मला कधी कधी पारव्यांचे फोटो पाठवते.

पण मला नवतप्यात आठवतो तो उमरेडचा दिवस नव्हे. आठवते ती वाडीतली खोली, शेवटचा वर्ग संपल्यावरची. सर वायर गुंडाळत होते. मी खिडकीशी फोन कानाला लावून उभी होते आणि तिकडे घंटी वाजत होती.

"हॅलो. कोण?" मागे पारवे होते. ती अजून ओसरीतच बसलेली होती.

खाली ट्रक मागे येत होता, पीं पीं. कूलर घरघरत होता. सरांनी माझ्याकडे बघितलं. वायर खाली ठेवली, गेले आणि कूलरचं बटण बंद केलं. त्या उकाड्यात खोली एकदम इतकी शांत झाली की मला माझाच श्वास ऐकू आला.

"कोण बोलून राहिलं?"

"ताई," मी म्हणाले. "क्लासची ताई."

तिकडे पारवे फडफडले.

"तुम्ही माणूस आहे?"

"हो."

"मंग सांगितलं काहून नाही? मी तुम्हाले सारं..." तिचा आवाज फाटला. बारीक आवाजाची ती मुलगी माझ्यावर ओरडली. "'चूक झाली म्हणजे प्रयत्न झाला' पाठवलं तुम्ही मले. साऱ्यायले तेच पाठवता ना तुम्ही? मी आणि क्लासमधल्या माझ्या मैत्रिणीनं मिळवून पाह्यलं. तेच होतं."

"हो," मी म्हणाले. "तेच होतं. माझं चुकलं."

फोन कापला गेला नाही. तिचं रडणं ऐकू येत होतं. फाइलमधली चाळीस वाक्यं माझ्या डोळ्यांसमोरून ओळीने गेली आणि त्यातलं एकही चालणार नव्हतं. मी डोळे मिटले. मग एकेक शब्द, चाचपडत, कुठे काय चुकतंय याची पर्वा न करता, मी मोठ्याने म्हणाले, "आईला आज सांग. मी फोनवर थांबते, हवं तर. आणि उद्या सकाळी उमरेडच्या स्टँडवर मी उभी राहते. तू पेपर देऊन बाहेर येशील तोवर थांबते. माझी ओढणी हिरवी आहे, मोनाली. मला भीती आहे, पण मी येते."